शंकरपट उठल्यावर ते मैदान आम्हाला द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा क्रीडा परिषद, यवतमाळ,
आणि तालुक्यातील सर्व शंकरपट समित्यांचे पदाधिकारी.

विषय : मोटरसायकल शर्यतींचा नवा हंगाम आणि पटाच्या मैदानाचा उन्हाळ्यातील वापर.

महोदय,

येत्या १ मार्चला, होळीच्या तोंडावरच्या रविवारी, थायलंडमधील बुरीरामच्या सर्किटवर मोटोजीपी जागतिक अजिंक्यपदाच्या २०२६ च्या हंगामातील पहिली मुख्य शर्यत सुटेल. आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असेल. तूर घरात आलेली, हरभऱ्याची सोंगणी चाललेली आणि कापसाची शेवटची वेचणी मजुरांअभावी रखडलेली, असा हा आमच्याकडचा काळ. तरीही त्या दुपारी तालुक्यातल्या बऱ्याच गावांत तरुण मंडळी कुठल्या ना कुठल्या ओसरीत, गॅरेजात किंवा पानठेल्यामागच्या खोलीत एका टीव्हीपुढे गोळा झालेली दिसतील. क्रिकेटचा सामना नसताना एवढी पोरे एका जागी शांत कशी बसली, हा प्रश्न गावातल्या वडीलधाऱ्यांना दरवर्षी पडतो. हे पत्र काही अंशी त्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि काही अंशी आपणाकडे केलेली मागणी आहे. मागणी एवढीच की, थंडीतले शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आटोपल्यानंतर पावसाळ्यापर्यंत रिकामे पडून राहणारे पटाचे मैदान ठरावीक सकाळी, रीतसर परवानगीने आणि आपल्या देखरेखीखाली, मोटरसायकलच्या मातीवरच्या शर्यतींसाठी मिळावे.

मी तालुक्याच्या गावी दुचाकीच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो. हंगाम जवळ आल्याची वर्दी मला शेजारच्या रेडियम कापणाऱ्याकडून मिळते. फेब्रुवारी लागला की त्याच्याकडे आकड्यांची मागणी सुरू होते. ९३ हा गेल्या वर्षीचा जगज्जेता, स्पेनचा मार्क मार्केझ, याचा आकडा. जगज्जेत्याला पुढच्या हंगामात गाडीवर १ लावण्याचा मान असतो, पण त्याने आपला जुना ९३ च ठेवला, आणि त्याने बरे केले की वाईट यावर आमच्याकडे सरळ दोन तट पडले आहेत. इटलीचा माजी जगज्जेता व्हॅलेंटिनो रॉसी २०२१ च्या अखेरीस निवृत्त झाला, तरी त्याचा पिवळा ४६ अजून खपतो आणि तो नेणाऱ्यांत त्याची एकही शर्यत थेट न पाहिलेली पोरे बरीच असतात. यंदा ७ या आकड्याला अचानक भाव आला आहे, कारण सुपरबाइकचे जागतिक अजिंक्यपद तीनदा जिंकलेला तुर्कस्तानचा तोप्राक राझगातलिओग्लू या हंगामापासून मोटोजीपीत यामाहावर बसतो आहे. ही सगळी रेडियम ज्या गाड्यांवर चिकटतात त्या शंभर ते सव्वाशे सीसीच्या, पहाटे दुधाच्या कॅन, दिवसा फवारणीचा पंप आणि संध्याकाळी वैरणीचा भारा वाहणाऱ्या गाड्या आहेत. परवाच एका स्प्लेंडरच्या टाकीवर ९३ लावून झाला आणि त्याच पोराने माझ्याकडून मागच्या कॅरियरला कॅन अडकवण्याचे दोन हूकही नेले.

यंदाच्या हंगामाची उत्सुकता नेहमीपेक्षा अधिक असण्याला ठोस कारणे आहेत. १००० सीसीच्या इंजिनांचे हे शेवटचे वर्ष. २०१२ पासून चालत आलेला हा नियम बदलून २०२७ पासून ८५० सीसीची इंजिने येणार आहेत, टायरही मिशेलिनऐवजी पिरेलीचे असतील. म्हणजे आज जी गाडी सरळ पट्ट्यावर ताशी ३६० किलोमीटरच्या पुढे जाते, तिचा हा निरोपाचा हंगाम. यामाहाने इतकी वर्षे जपलेले एका ओळीतल्या चार सिलिंडरांचे इंजिन सोडून व्ही-फोर, म्हणजे चार सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात बसवलेली, रचना स्वीकारली आहे. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण माझ्या दुकानासमोरच्या बाकावर तिच्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी गेल्या वर्षभरात सोयाबीनच्या भावावरही झाली नसेल (सोयाबीनच्या भावाबद्दल बोलण्यासारखे फारसे उरलेही नाही, हा भाग वेगळा). २००४ नंतर प्रथमच ब्राझीलमध्ये शर्यत होणार आहे. आणि सर्वांत मोठा प्रश्न मार्केझच्या खांद्याचा आहे.

या माणसाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्याकडची पोरे त्याच्यात नेमके काय पाहतात ते त्याशिवाय कळणार नाही. २०१९ पर्यंत तो मोठ्या गटात सहा वेळा जगज्जेता झाला होता. २०२० च्या जुलैत स्पेनमध्ये हेरेथच्या शर्यतीत पडून त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले, त्यावर पुढच्या दोन वर्षांत चार शस्त्रक्रिया झाल्या आणि लोकांनी त्याला जमेतून काढून टाकले. २०२४ मध्ये त्याने होंडाची मोठी नोकरी सोडून ग्रेसिनी या लहान संघात आदल्या वर्षीची डुकाटी चालवणे पत्करले. २०२५ मध्ये डुकाटीच्या मुख्य संघात जाऊन त्याने रविवारच्या ११ आणि शनिवारच्या छोट्या अंतराच्या १४ शर्यती जिंकल्या, आणि २८ सप्टेंबरला जपानमधील मोतेगी येथे, हंगामाच्या पाच फेऱ्या शिल्लक असतानाच, सातवे अजिंक्यपद निश्चित केले. दुसऱ्या क्रमांकावर त्याचा सख्खा धाकटा भाऊ अॅलेक्स राहिला. लगेच पुढच्याच शर्यतीत, इंडोनेशियात, मागून धडक बसून तो पुन्हा पडला, खांदा दुखावला आणि उरलेला हंगाम त्याला घरी बसावे लागले. तो आता किती सावरला आहे, हे बुरीरामलाच कळेल. कापूस दोनदा बुडाला तरी तिसऱ्यांदा सरकी लावणाऱ्यांच्या घरातली ही पोरे आहेत. त्यांना हा माणूस जवळचा का वाटतो हे मी त्यांना कधी विचारलेले नाही.

पण केवळ एका शूर माणसाच्या कौतुकापोटी ही गर्दी जमते असा आपला समज होऊ नये. हा खेळ आमच्याकडची पोरे किती बारकाईने पाहतात, याचा एकच दाखला देतो. गेल्या वर्षीचा हंगामही बुरीरामलाच सुरू झाला होता. मार्क मार्केझ पहिल्यापासून पुढे होता, आणि सातव्या फेरीत त्याने अचानक वेग कमी करून भावाला पुढे जाऊ दिले. गॅरेजात एकच ओरड झाली. “काहून जाऊ देल्लं बे त्यानं?” समालोचन इंग्रजीत, त्यातले निम्मे निम्म्या लोकांना कळत नव्हते. तेवढ्यात ट्रॅक्टरचे पंक्चर काढणारा एक पोरगा मागून शांतपणे म्हणाला, “पुढच्या चाकातली हवा उतरली असन त्याची.” तो बरोबर होता. नियम असा आहे की, रविवारच्या शर्यतीत निदान साठ टक्के फेऱ्या पुढच्या टायरमधील दाब १.८ बारच्या, म्हणजे आमच्या हवा भरण्याच्या यंत्रावरच्या सुमारे सव्वीसच्या, खाली जाता कामा नये. गेला तर शर्यत संपल्यावर त्या स्वाराच्या वेळेत १६ सेकंद वाढवले जातात, आणि १६ सेकंदांत पहिला माणूस सहज आठवा-दहावा होतो. सर्वांत पुढे धावणाऱ्याच्या टायरला समोरून मोकळा वारा लागतो, टायर निवतो आणि दाब उतरतो; दुसऱ्याच्या मागे धावणाऱ्याला पुढच्या गाडीच्या इंजिनाची आणि ब्रेकची गरम हवा लागते, टायर तापतो आणि दाब चढतो. म्हणून तो मुद्दाम भावाच्या मागे लागून राहिला, दाब पुरेशा फेऱ्या टिकला याची खात्री झाल्यावर शेवटच्या मोजक्या फेऱ्यांत पुन्हा पुढे गेला आणि जिंकला. आमच्यात त्या दिवशी पटाची जोडी बाळगणारे एक काका बसले होते. त्यांना टायरच्या हवेचे काही देणेघेणे नव्हते, पण “जोडी दमानं हाकलली त्यानं” एवढे ते बोलले आणि त्यानंतर त्यांनी एकही शर्यत चुकवलेली नाही.

आता दुसरी बाजू, जी आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. अशी शर्यत संपली की त्याच संध्याकाळी काही पोरे गावाबाहेरच्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर जातात. रस्ता रुंद, सरळ आणि गुळगुळीत, कडेला शेतातून एकाएकी वर येणाऱ्या बैलगाड्या, बिनदिव्याचे ट्रॅक्टर आणि घराकडे निघालेली गुरे. तोप्राकने सर्किटवर मागचे चाक उचलून गाडी थांबवली म्हणून तेच इथे करून पाहणारे, सायलेन्सर फोडून गावभर फटाके उडवणारे आणि हेल्मेट आरशावर अडकवून फिरणारे महाभाग आमच्यात आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांच्या गाड्या पोलीस उचलून नेतात ते योग्यच करतात. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ स्पष्ट आहे : सार्वजनिक जागी शर्यत लावल्यास वा तीत भाग घेतल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तोच गुन्हा पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडी चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ खाली बापावर पंचवीस हजारांचा दंड आणि कैदेची पाळी येऊ शकते, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक बापाला सांगतो. त्यांतले बहुतेक जण ऐकून घेतात आणि पोराच्याच गाडीवर मागे बसून निघून जातात.

मात्र त्याच कलम १८९ मध्ये एक शब्दप्रयोग आहे, ज्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शर्यत गुन्हा ठरते ती ‘राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून’ लावली तर. म्हणजे संमती घेऊन, जागा ठरवून आणि अटी पाळून शर्यत लावण्याची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे. आमच्या भागात त्या वाटेने आजवर फारसे कोणी गेलेले नाही, एवढेच. शेजारच्या वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर दुचाकीला मज्जाव आहे आणि तो असायलाच हवा. पण वेगाची ओढ असलेल्या पोराला इथे जाऊ नको, तिथे जाऊ नको, एवढेच सगळे सांगतात. कुठे जावे, हे सांगणारे कोणी नाही.

ती जागा आपल्याकडे आहे, असे माझे म्हणणे आहे. आमच्या तालुक्यातले पटाचे मैदान गावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान, जमिनीवर आहे. थंडीत तिथे शंकरपट भरतो, जोड्या लांबून येतात, घड्याळावर सेकंदाचे शंभर भाग मोजून निकाल लागतो, आणि पट उठला की पहिल्या पावसापर्यंत तिथे शेळ्यांशिवाय कोणी फिरकत नाही. बुरीराममध्ये हंगाम सुरू होतो तो नेमका याच सुमारास. सन २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, तेव्हा आमच्याकडची मंडळी किती अस्वस्थ झाली होती हे आपल्या कार्यालयातल्या जुन्या कर्मचाऱ्यांना आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्यानंतर पट पुन्हा भरू लागले ते जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी आणि ठरलेले नियम यांच्या चौकटीत. वेगाच्या खेळाला बंदी आणि मोकाटपणा यांच्या मधली जागा प्रशासन काढू शकते, हे याच मैदानावर सिद्ध झालेले आहे. आम्ही त्याच चौकटीची मागणी करीत आहोत, फक्त पशुवैद्यकाच्या जागी माणसांचा डॉक्टर लागेल.

मातीवरची शर्यत म्हणजे गरिबाची शर्यत, असा एक समज आहे; तो चुकीचा आहे. रॉसीच्या गावी, इटलीतील ताव्हुलिया येथे, त्याने शेतजमिनीवर मातीचा ट्रॅक केला आणि तिथे तरुण स्वारांना तयार केले. २०२२ आणि २०२३ चा जगज्जेता फ्रान्चेस्को बान्याया त्याच मातीतून आला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेली, आजवर भारतात झालेली एकमेव मोटोजीपी शर्यत जिंकणारा मार्को बेझ्झेक्कीदेखील तिथलाच. मार्केझ बंधूही मातीवर सराव करतात. डांबरी वळणावर गाडी घसरू लागली की ती सावरायची कशी, हे मातीवर कमी वेगात आणि कमी खर्चात शिकता येते, एवढे साधे त्यामागचे कारण आहे. मार्केझ बंधूंचे सेर्व्हेरा हे गाव दहा हजारांच्या आतल्या वस्तीचे आहे; आमचे तालुक्याचे गाव त्याहून मोठे.

बान्यायाचे नाव निघाले आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या शेतकऱ्यांना सांगितली की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. महिंद्रा कंपनी २०११ ते २०१७ या काळात जागतिक स्पर्धेच्या सर्वांत लहान गटात आपल्या गाड्या उतरवत होती. तिला पहिला विजय मिळाला तो जून २०१६ मध्ये, नेदरलँड्समधील आसेन येथे, आणि तो मिळवून देणारा स्वार हाच बान्याया. हिंगण्याच्या कारखान्यातून निघालेला ज्या नावाचा ट्रॅक्टर आमच्या शेतात नांगरतो, त्याच नावाच्या गाडीवर पुढचा जगज्जेता पहिल्यांदा जिंकला, यावर पटवाल्या काकांचा आधी विश्वासच बसेना.

आपल्या देशातही आधी जागा झाली आणि मग स्वार झाले. चेन्नईजवळच्या शोळावरमची युद्धकाळातली धावपट्टी विमानांविना पडून होती. तिथे मद्रासच्या मंडळींनी शर्यती भरवल्या, पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक झाला, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे झाला, आणि आज राष्ट्रीय स्पर्धेतली बहुतेक नावे दक्षिणेतली दिसतात. २०११ मध्ये १२५ सीसीच्या जागतिक शर्यतीत उतरलेला सरथ कुमार आणि २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटो थ्री या सर्वांत लहान गटात धावलेला कडाई यासीन अहमद, दोघेही तमिळनाडूचे. केरळच्या हरिथ नोहाने २०२४ मध्ये डकारसारख्या अवघड रॅलीत रॅली टू हा गट जिंकला. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये बाहा या खडतर मोकळ्या रानातल्या रॅली प्रकारातला महिलांचा जागतिक चषक जिंकला. आमच्या तालुक्यात महाविद्यालयासाठी रोज स्कुटीवर येणाऱ्या मुलींची संख्या पाहता हे नाव मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. महाराष्ट्र या यादीत अगदीच नाही असे नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात, शासनाच्याच बालेवाडी क्रीडासंकुलात, माती टाकून सुपरक्रॉसची शर्यत झाली. शासकीय मैदानावर जे पुण्यात होऊ शकते त्याची लहान आवृत्ती यवतमाळ जिल्ह्यात का होऊ नये, याचे कारण मला सापडत नाही.

प्रत्यक्षात काय लागेल, हेही आम्ही पाहिले आहे. पटाची धाव सरळ असते, आम्हाला लंबगोल हवा. सरळ धावेला अजिबात हात न लावता मैदानाच्या पश्चिमेकडच्या भागात दोन-तीनशे मीटरचा फेरा सहज बसतो. तिथली काही जमीन काळी आहे. ती उन्हात भेगाळते आणि एखादा अवकाळी पाऊस आला तर चाक रुतते, म्हणून तेवढ्या भागावर मुरूम टाकून, टँकरने पाणी मारून रोलर फिरवावा लागेल. मुरूम, टँकर आणि रोलर यांचा खर्च आम्ही वर्गणीतून करू. वळणांच्या बाहेरच्या बाजूला कुटाराची (भुशाची) पोती दोन थरांत रचू. सोयाबीनचे कुटार या दिवसांत गावागावांत आहे आणि पडणाऱ्या माणसाला झेलण्याचे काम ते चोख करते. प्रेक्षक दोरापासून आणि दोर पोत्यांपासून पुरेसा लांब राहील. शंभर ते सव्वाशे सीसीच्या, मूळ सायलेन्सर असलेल्याच गाड्या घेऊ, त्यांचे आरसे, दिवे आणि स्टँड काढून ठेवू. वय वर्षे अठरा पूर्ण, वाहन परवाना, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, गुडघ्या-कोपरांची कवचे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांवाचून कोणालाही गाडी सुरू करू देणार नाही. ही यादी वाचून काही पोरे आत्ताच नाराज झाली आहेत. ती नाराज राहिली तरी चालेल.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढीच असेल, कारण आमचा उन्हाळा आपण जाणताच. बुद्ध सर्किटवर सप्टेंबरातल्या उकाड्यामुळे मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ फेऱ्यांवर आणावी लागली होती, आणि दुसरा आलेला होर्हे मार्टिन पाणी कमी पडल्याने शर्यतीनंतर अक्षरशः खाली बसला होता. तो तर जगातल्या सर्वांत तंदुरुस्त खेळाडूंपैकी एक. आमच्या पोरांना मे महिन्यातल्या दुपारी पंचेचाळीस अंशांत पळवण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही.

आपल्याकडून आम्हाला नेमके काय हवे आहे, ते आता सांगतो. कलम १८९ मधील संमती शासनाची असल्याने जिल्हा क्रीडा परिषदेने आपल्या शिफारशीसह तसा प्रस्ताव वर पाठवावा. मोटर स्पोर्टसाठी देशात मान्यता असलेल्या महासंघाशी, म्हणजे चेन्नईच्या एफएमएससीआयशी, पत्रव्यवहार करून स्पर्धेची परवानगी, स्वारांचे परवाने आणि विमा यांची रीत विचारून घ्यावी. गावच्या एका दुकानदाराने लिहिण्यापेक्षा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी लिहिलेले बरे. शर्यतीच्या सकाळी रुग्णवाहिका आणि डॉक्टर मैदानावर असल्याशिवाय पहिली गाडी सुटू नये, अशी अट परवानगीतच घालावी, म्हणजे उत्साहाच्या भरात आम्हालाही ती मोडता येणार नाही. ई-क्लास जमिनीच्या तात्पुरत्या वापरासाठी ग्रामसभेचा ठराव लागेल, तो आम्ही मांडू. ठरावाला विरोध होईल. आवाजाचा मुद्दा निघेल, धुळीचा निघेल, आणि ‘यातून पोट भरते काय’ हा तर निघेलच. पहिल्या दोन मुद्द्यांची उत्तरे वेळ आणि टँकर यांत आहेत. तिसऱ्याचे उत्तर मी ओढूनताणून देणार नाही. या पोरांतला एखादा राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचेल, बाकीचे पोहोचणार नाहीत. काही जण चांगले मेकॅनिक होतील. बरेच जण नुसतेच रविवारी सकाळी गाडी चालवून घरी जातील आणि सोमवारी वेचणीला लागतील. पटात बैल पळवणाऱ्यांचे तरी पोट पटावर कुठे भरते?

पट समित्यांच्या मंडळींना वेगळे सांगायचे आहे. आपल्या मनात शंका आहे की, गाड्यांची चाके मैदान उकरून ठेवतील आणि पुढच्या थंडीत बैलांचे पाय त्यात अडकतील. आपल्या सरळ धावेवर एकही चाक जाणार नाही, आणि पावसाळ्याआधी संपूर्ण फेरा नांगरून सपाट करून देण्याचे आम्ही लेखी देऊ. मैदानाचे भाडेही देऊ. पण भाड्यापेक्षा आम्हाला आपल्याकडून माणसे हवी आहेत. हजारोंची गर्दी दोराच्या अलीकडे कशी थांबवायची, घड्याळ कोणी धरायचे, वाद झाला तर निकाल कसा द्यायचा आणि हरलेल्याची समजूत कोणी काढायची, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येते आणि आम्हाला मुळीच येत नाही. शिवाय पटात ध्वनिक्षेपकावर बोलणारे आपले ते भाऊ, जे जोडी सुटल्यापासून निकालापर्यंत एकदाही श्वास न घेता धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) आज्यापर्यंतची कुळकथा सांगतात, ते मोटरसायकलच्या शर्यतीला मिळाले तर बुरीरामच्या इंग्रजी समालोचनाची आठवणही कोणाला राहणार नाही.

जागेचा हातनकाशा, आतापर्यंत नाव दिलेल्या स्वारांची यादी आणि त्यांच्या पालकांची संमतीपत्रे तयार आहेत. युरोपातल्या शर्यती एप्रिलच्या अखेरीस हेरेथपासून सुरू होतात आणि त्या आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला दिसतात. सकाळी मैदानावर आणि संध्याकाळी टीव्हीपुढे असा एखादा रविवार या एप्रिलात जमला तर पाहावा, असा आमचा विचार आहे. त्याआधी मैदानाची पाहणी व्हावी यासाठी आपण किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी सोयीचा दिवस कळवावा. मंगळवारी आमचा आठवडी बाजार असतो आणि मैदानाकडच्या रस्त्यावर गाड्या उभ्या राहत असल्याने आपली गाडी आत येणार नाही, तेवढा वार टाळावा.

कळावे.

आपला नम्र,
तालुक्यातील मोटरसायकल शर्यतींच्या प्रेक्षकांच्या वतीने,
सुट्या भागांचा एक दुकानदार
फेब्रुवारी २०२६